बंदुकीचा परवाना आणि राज्याचे कर्तव्य

आसामच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या मे महिन्यात एक निर्णय घेतला. राज्यातील दुर्गम व संवेदनशील मुलखात राहणाऱ्या ‘मूळनिवासी’ नागरिकांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सढळ हाताने द्यावेत, असा तो निर्णय. धुब्री, मोरिगाव, बारपेटा, नगाव, दक्षिण सालमारा-मानकाचार ह्या जिल्ह्यांची नावे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी त्या वेळी घेतली आणि पुढे थोड्याच महिन्यांत अर्ज करण्याची सोयही शासनाने करून दिली. बांगलादेशाच्या सीमेलगतच्या आणि आपण जेथे संख्येने थोडे आहोत अशा गावांतल्या लोकांच्या मनात भय आहे, त्यांना धीर यावा म्हणून हा उपाय, असे त्याचे समर्थन करण्यात आले. ते भय खरे असू शकेल. त्याची थट्टा करण्याचा अधिकार सुरक्षित शहरात राहणाऱ्या कोणासही नाही. परंतु भ्यालेल्या नागरिकाच्या दाराशी पोलीस उभा करण्याऐवजी त्याच्याच हाती बंदूक देणारे शासन त्याला नेमके काय सांगत असते, हा प्रश्न आसामपुरता राहत नाही. तो भारतातल्या प्रत्येक राज्याचा आहे, आणि महाराष्ट्राचा तर आहेच आहे.

महाराष्ट्राचा आहे असे आम्ही म्हणतो, त्याला कारण घडले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ती बंदुकीने झालेली नव्हती. तरी पण त्या हत्येनंतर जिल्ह्यातील ज्या ज्या गोष्टी उजेडात आल्या, त्यांत बंदुकाही होत्या. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यांत तो आकडा फारच लहान आहे, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. कमरेला पिस्तूल लावून काढून घेतलेली छायाचित्रे लोकांनी पाहिली. हवेत बार काढतानाची चित्रणे पाहिली. मग प्रशासन जागे झाले, परवान्यांची छाननी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. ते रद्द झाले हे चांगले झाले. पण जे परवाने छाननी होताच रद्द करता आले, ते मुळात कोणत्या कारणासाठी आणि कोणाच्या शब्दावरून दिले गेले होते, ह्याचा खुलासा मिळण्याचा हक्क जनतेस आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यातच गोळीबार केल्याचा गुन्हा सत्ताधारी पक्षाच्या एका आमदारावर नोंदला गेला. आणि त्यानंतर आठवडाभरात दहिसर येथे एका माजी नगरसेवकाचा जो खून झाला, त्यात मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले पिस्तूल वापरले गेल्याचे तपासात पुढे आले. म्हणजे परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे आणि जीव तिसऱ्याचा!

अशा वेळी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, खाजगी हातांत बंदूकच नको. दुसरा पक्ष म्हणतो, शस्त्र बाळगणे हा स्वतंत्र माणसाचा स्वाभाविक हक्क आहे. शासन कोण त्याला परवानगी देणारे? ह्या दुसऱ्या मताला आपल्याकडे केवळ परदेशी नक्कल म्हणून झटकून टाकता येणार नाही. त्याच्यामागे आपल्याच राष्ट्रीय चळवळीचा इतिहास उभा आहे, आणि तो पुष्कळांस विस्मृत झाला आहे म्हणून येथे थोडक्यात सांगणे प्राप्त आहे.

१८५७ च्या उठावानंतर हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेण्याचे जे सत्र सुरू झाले, त्याला लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ च्या शस्त्रकायद्याने पक्के रूप दिले. त्याच वर्षी त्याच व्हाइसरॉयने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही केला. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने १८८२ साली रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र कायम राहिला. त्यातली मेख अशी की, युरोपियनांस त्यातून सूट होती. ज्या देशात वाघ-बिबट्यांनी गुरे न्यावीत आणि दरोडेखोरांनी गावे लुटावीत, त्या देशाच्या मूळ मालकाने बंदुकीसाठी कलेक्टरच्या दारात उभे राहावयाचे आणि काल आलेल्या गोऱ्या व्यापाऱ्याने मात्र खांद्यावर रायफल टाकून खुशाल शिकारीस जावयाचे, हा अपमान सुशिक्षितांच्या फार जिव्हारी लागला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला. १८९१ साली नागपूरच्या अधिवेशनात त्याच विषयावरील ठरावावर लोकमान्य टिळक बोलले. पुढे अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही १९१८ साली खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या वेळी, सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांत मोडतो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. आणि १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मीठ आणि शेतसारा यांच्याबरोबर आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही मागणीही होती. मात्र तिला एक पुस्ती जोडलेली होती : परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावेत. ह्या पुस्तीकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

हा सारा इतिहास पाठीशी असता स्वतंत्र भारताच्या घटनेत शस्त्राचा हक्क का आला नाही? १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे हा प्रश्न उभा राहिला होता. आय. सी. एस. चा त्याग करून सुभाषबाबूंच्या बरोबर गेलेले ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. काँग्रेसच्या जुन्या ठरावांचे बळ त्यांच्या बाजूस होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, असा हक्क सरसकट प्रत्येकास द्यावयाचा म्हटले म्हणजे तो सराईत गुन्हेगारासही द्यावा लागेल. आणि आग्रह धरावयाचाच असेल तर तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा न धरता देशासाठी शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरला पाहिजे. उपसूचना फेटाळली गेली. आज घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे तो नकारार्थी आहे : नागरिकांनी शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली, की आपल्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क कोणासही दिलेला नाही.

ह्या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. परक्या राज्यकर्त्याने शस्त्र काढून घेतले होते ते आपल्या सिंहासनाच्या भयाने. स्वतंत्र राष्ट्राने शस्त्राचा हक्क दिला नाही तो एका कराराच्या आधाराने. नागरिकाने राज्यास सांगितले की, मी बंदूक घरात ठेवीत नाही. माझ्या जिवाची, घराची, शेताची आणि लेकीबाळींची राखण तू कर. राज्याने ते मान्य केले. प्रसंगी स्वतःचा जीव वाचविण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क नागरिकाने सोडलेला नाही. तो पूर्वीच्या दंड संहितेत होता आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांतही आहे. पण आत्मसंरक्षणाचा हक्क म्हणजे बंदुकीचा हक्क नव्हे. बंदूक हवी असेल त्याने कारण दाखविले पाहिजे, राज्याने ते पारखले पाहिजे आणि पटले तरच परवाना दिला पाहिजे, अशी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची व्यवस्था आहे. ह्या सबंध इमारतीचा पाया एकाच शब्दावर आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘कारण’.

कारण विचारण्याची ही पद्धत सोडली म्हणजे काय होते, हे पाहण्यास अमेरिकेकडे बोट दाखविता येईल. त्या देशाच्या घटनेतील १७९१ सालच्या दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ व्यक्तीचा शस्त्र बाळगण्याचा हक्क असा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, पाच विरुद्ध चार अशा मतांनी लावला. पुढे २०२२ च्या जूनमध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा शतकाहून जुना नियम रद्द केला. घराबाहेर पिस्तूल बाळगू इच्छिणाऱ्याने विशेष कारण दाखवावे, एवढेच तो नियम म्हणत होता. त्याच्या आदल्याच महिन्यात टेक्सासमधील युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत एका तरुणाने १९ मुले आणि २ शिक्षिका गोळ्या घालून मारल्या होत्या. लहान शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या जिनिव्हाच्या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत खाजगी हातांत ३९ कोटींहून अधिक बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. त्या देशात मुले व किशोर यांच्या मृत्यूचे पहिले कारण २०२० पासून बंदूक हे झाले आहे. ज्या समाजाने कारण विचारणे सोडले, त्याला पुढे शाळेच्या दारात झडती घ्यावी लागते. एवढा बोध आपल्यास पुरे आहे.

परंतु दुसऱ्याच्या घरातील अंधार दाखवून आपल्या घरात उजेड पडत नाही. आपण कारण विचारतो खरे. पण उत्तर कोण ऐकतो? २००८ साली मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्याच्या प्रशासनाने, जो पुरुष नसबंदी करून घेईल त्यास बंदुकीचा परवाना लवकर मिळेल, अशी योजना काढली होती. कुटुंबनियोजनाचे बक्षीस म्हणून बंदूक! ह्यात अर्जदाराच्या जिवास धोका आहे की नाही, हा प्रश्न कोठे राहिला? केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लक्ष ६९ हजार परवाने चालू होते आणि त्यांतील १२ लक्ष ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात ते सुमारे ८४ हजार होते. उत्तर प्रदेशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दुपटीहूनही कमी असता परवाने पंधरापट कसे? तेथील माणसाचा जीव पंधरापट अधिक धोक्यात आहे असे त्या राज्याच्या कारभाऱ्यांस म्हणावयाचे असेल, तर ती त्यांच्या कारभाराची कबुली आहे. आणि तसे म्हणावयाचे नसेल तर परवाना हा प्रतिष्ठेचा दागिना झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. लग्नाच्या वरातीत बार काढणे ही अखेर गुन्ह्याची एक वेगळी बाब म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत घालावी लागली आणि तिला दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवावी लागली, ह्यातच सारे आले. त्याच दुरुस्तीच्या विधेयकात एका माणसास एकच बंदूक असावी असा मूळ प्रस्ताव होता. तो संसदेच्या वाटेतच दोन बंदुकांवर गेला. तीन होत्या त्या दोन झाल्या, म्हणून समाधान मानावयाचे!

कायद्याच्या पुस्तकात एक सुंदर वाक्य आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्यास परवाना नाकारता येणार नाही, असे चौदावे कलम म्हणते. कायदा करणाऱ्यांच्या मनात गरिबाचा जीवही श्रीमंताच्या जिवाइतकाच मोलाचा होता. व्यवहारात मात्र कोणत्याही जिल्ह्यात परवाने कोणाकडे आहेत ते पाहावे. ठेकेदार, जमिनीचे दलाल, पुढाऱ्यांचे भाऊबंद आणि त्यांच्या मागेपुढे फिरणारी मंडळी ह्यांत पुढे असतात. ज्याला ज्याचे भय आहे त्याच्या हाती काही नाही, आणि ज्याचे भय आहे त्याच्या कमरेस परवान्याचे पिस्तूल! आमची ‘बळी तो कान पिळी’ ही जुनी म्हण सरकारी शिक्क्यानिशी खरी करून दाखविण्याचे काम ही पद्धत करीत आहे.

शस्त्राच्या हक्काचे कैवारी नेमका येथेच आपला मुद्दा मांडतात. ते म्हणतात, बलवानाकडे शस्त्र आहेच. मग दुर्बलासही ते द्या. हा युक्तिवाद वरवर पाहता न्यायाचा वाटतो आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील लक्ष्मणपूर-बाथे गावात रणवीर सेनेच्या सशस्त्र टोळीने ५८ दलितांची हत्या केली; खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेले सर्व २६ आरोपी पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली सोडून दिले. ह्या गावच्या माणसास ‘राज्यावर विश्वास ठेव’ असे सांगण्यास जीभ रेटत नाही. पण म्हणून प्रत्येकास बंदूक देण्याचा मार्ग त्याच्या हिताचा ठरेल काय? बंदुकीस पैसा लागतो, काडतुसांस पैसा लागतो, ती चालविल्यानंतर पोलीस आणि न्यायालय यांच्याशी गाठ पडते, तेथेही पैसा आणि वजन लागते. दोन्ही पक्षांस समान शस्त्र दिले म्हणून दोन्ही पक्ष समान होत नाहीत. ज्याच्या मागे पैसा आणि माणसे, त्याच्या बंदुका नेहमी दुसऱ्यापेक्षा अधिकच असतात.

ह्या बाबतीत आपल्याच कायद्याने एक शहाणपणाचा क्रम घालून दिला आहे, तो फार थोड्यांस ठाऊक असतो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी १९९५ साली जे नियम झाले, त्यांतला तिसरा नियम अत्याचारप्रवण भागाविषयी आहे. राज्य शासनाने प्रथम अशा भागातील इतरांचे शस्त्रपरवाने आवश्यक वाटल्यास रद्द करावेत व ती शस्त्रे सरकारजमा करावीत. मग बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि त्यानंतर, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस परवाने द्यावेत. आधी दांडगाईच्या हातातले शस्त्र काढावयाचे आणि दुर्बलाच्या हाती ते द्यावयाचे ते अगदी शेवटी, हा तो क्रम. ह्या नियमाच्या पहिल्या भागाची अंमलबजावणी मनापासून झाली असती, तर त्याच्या शेवटच्या भागाची गरज क्वचितच पडली असती.

ह्या कसोटीवर आसामचा निर्णय घासून पाहावा. तेथे आधी कोणाच्या हातून काही काढून घेण्याची भाषा नाही. सरळ एका समूहाच्या हाती शस्त्र देण्याची आहे. ‘मूळनिवासी’ कोण हे ठरविणार कोण? ज्यास परवाना मिळाला नाही, तो आपणास राज्याने शत्रूच्या यादीत घातले असे समजला तर त्याचे काय चुकले? मोरिगाव जिल्ह्याचे नाव ह्या योजनेच्या संदर्भात घेतले गेले, आणि नेली हे गाव आज त्याच जिल्ह्यात आहे. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेली व आसपासच्या खेड्यांत काही तासांत दोन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. बळी पडलेल्यांत बायका-मुलांचा भरणा मोठा होता. मारणारे बहुतांशी घरगुती हत्यारे घेऊन आले होते, आणि त्या हत्याकांडाबद्दल आजवर कोणासही शिक्षा झालेली नाही. ज्या भूमीला हे स्मरण आहे, तेथे पुढच्या दंगलीसाठी घरोघर बंदूक तयार ठेवणे ह्यास धीर देणे म्हणतात काय?

नागरिकाच्या हाती शस्त्र देऊन राज्याचे काम भागविण्याचे प्रयोग देशात पूर्वी झालेले आहेत. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांशी लढण्यासाठी आदिवासी तरुणांस ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून बंदुका दिल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये ती व्यवस्था घटनाविरोधी ठरविली आणि त्या बंदुका परत घेण्यास फर्माविले. मणिपुरात २०२३ च्या वणव्यात पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली. ती परत करा म्हणून २०२५ मध्येही राज्यपालांस आवाहन करावे लागत होते. बंदूक एकदा घरात गेली की तिला बाहेर काढणे किती कठीण, ह्याचा धडा आसामास शोधण्यासाठी लांब जावयास नको. तो शेजारच्याच राज्यात आहे.

आमचे म्हणणे सर्व परवान्यांविरुद्ध आहे, असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. कोकणातील शेतकऱ्याच्या पडवीत ठासणीची बंदूक असते. रानडुकरे आणि माकडे भाताची, नारळी-पोफळीची नासधूस करतात. त्यांना हाकलण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना त्याच्याकडे असतो. निवडणूक आली की हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तेवढ्या काळात पीक उघडे पडते, अशी त्याची तक्रारही असते. ह्या शेतकऱ्याचे कारण सबंध गावाच्या डोळ्यांसमोर उभे आहे. ते कागदावर सिद्ध करावयास कोणाची शिफारस लागत नाही. खंडेनवमीला सुतार जसा आपल्या करवत-रंध्याची पूजा करतो, तशी ह्या बंदुकीची पूजा होते, कारण तेही एक कामाचे हत्यारच आहे. कुर्ग प्रांताच्या कोडवांना परंपरेच्या आधारे परवान्यातून सूट आहे आणि केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली आहे. तीही एका समाजाच्या जीवनरीतीशी जोडलेली आहे. ठासणीची बंदूक आणि मोटारीतून उतरताना सदऱ्याखाली मुद्दाम दिसू दिलेले पिस्तूल, ह्या दोहोंस ‘परवाना’ हा एकच शब्द लावला जातो, हेच ह्या विषयातील गोंधळाचे मूळ आहे.

ह्यावर एक नेहमीचा आक्षेप येतो. खून पडतात ते बहुतांशी चोरट्या गावठी कट्ट्यांनी. मग परवानाधारकांच्या मागे का लागता? आक्षेपातील पहिले विधान खरे आहे. वर सांगितलेल्या २०१८ च्या अंदाजात भारतात खाजगी हातांतील शस्त्रे ७ कोटींहून अधिक धरली होती आणि नोंदलेली त्यांतील एक कोटीसुद्धा नव्हती. मुंगेरसारख्या ठिकाणचे चोरटे कारखाने बंद पाडणे हे पोलिसांचे पहिले काम आहे, हेही निर्विवाद. पण दोन्ही प्रकारच्या बंदुकांची हवा एकच असते. गावातला प्रतिष्ठित समजला जाणारा माणूस परवान्याचे पिस्तूल मिरवतो, तेव्हा त्याच्यासारखे होऊ पाहणारा बेकार तरुण कट्टा शोधू लागतो. आणि परवान्याची बंदूक निरुपद्रवी असती तर प्रत्येक निवडणुकीच्या वेळी ती जमा करून घेण्याची व्यवस्था शासनाने कशाला केली असती? महिनाभर मतदाराच्या निर्भयतेस बाधक ठरणारी वस्तू उरलेली पाच वर्षे बाधक नसते, असे समजावयाचे काय?

तेव्हा करावयाचे काय? उत्तर गांधीजींच्या त्या पुस्तीत आहे : लोकांचे नियंत्रण. परवाना आज पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देतात, त्याची चौकशी पोलीस करतात आणि त्याचे कारण फायलीत बंद राहते. ती फाईल उघडली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी तालुकावार किती परवाने दिले, किती नाकारले, किती रद्द केले आणि दिलेल्यांची कारणे कोणती, हे प्रसिद्ध करावे. नाव प्रकट झाल्याने ज्याच्या जिवास खरोखर धोका आहे, त्याचे नाव जिल्हा न्यायाधीशांच्या संमतीने राखून ठेवावे. पण शिफारस करणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव कधीही राखून ठेवू नये. हिंसेच्या गुन्ह्यात ज्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले आहे त्याचा परवाना निकाल लागेपर्यंत स्थगित करावा. कायद्याच्या सतराव्या कलमात त्यास पुरेसा आधार आहे, उणीव आहे ती इच्छेची. बीडसारखी छाननी एखादा सरपंच मारला गेल्यावर करावयाची नसून, नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी ‘तुझे कारण अजून उरले आहे काय?’ असे विचारून करावयाची आहे.

आणि ह्याच्या जोडीस राज्याने कराराची आपली बाजू पाळली पाहिजे. देशात दर लाख लोकांमागे मंजूर पोलिसांची संख्या दोनशेच्या जवळपास आहे आणि प्रत्यक्ष कामावर असतात ते दीडशेच्या आसपास. दर चार जागांमागे एक जागा रिकामी ठेवावयाची आणि सीमेवरील शेतकऱ्यास सांगावयाचे की, बाबा रे, तूच आता आपला पोलीस हो, ही चोख राज्यकारभाराची रीत नव्हे. त्या रिकाम्या जागा भरण्यास पैसा लागतो, हे आम्ही जाणतो. पण बंदुकीच्या परवान्यास पैसा लागत नाही म्हणून तो स्वस्त पडतो, असे समजणाऱ्यांनी नेलीचा आणि मणिपूरचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

परक्या राज्याने आपल्यास निःशस्त्र केले, तेव्हा आपण त्याचा निषेध केला तो योग्यच होता. कारण त्या राज्यावर आपले नियंत्रण नव्हते. आज राज्य आपले आहे. त्याच्याकडे बंदूक मागण्यापेक्षा संरक्षण मागण्यात नागरिकाचा अधिक मान आहे, आणि ते न मिळाल्यास जाब विचारण्यात त्याची खरी शक्ती आहे. परवाने वाटून त्या जाबातून सुटू पाहणाऱ्या शासनास, मग ते दिसपूरचे असो वा मुंबईचे, ही सवलत जनतेने देता कामा नये.